किल्ली काढल्यानंतर

माझ्या नातवंडांची अशी पक्की समजूत आहे की आजी जन्माला आली तीच मुळी देवापुढच्या वाती वळत. हीच आजी एके काळी रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजात पदर खोचून, गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभी असायची आणि मेकॅनिकला ‘हा पाइप इतका का वाकवलात, हवा अडेल ना’ म्हणून दरडावायची, असं सांगितलं की पोरं एकमेकांना कोपराने ढोसतात. ढोसू देत. त्या बाईला मी फार जवळून ओळखते. पंचेचाळिशीची, हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवणारी, भुताखेतांचा विषय निघाला की ओठ मुडपून हसणारी आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश. तिच्यावर हसायला मला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त ही एक गोष्ट सांगताना मी अजूनही दाराकडे पाठ करून बसत नाही.

गाडी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. उंच, काळपट हिरवी, टर्बो डिझेल. आता टर्बो गल्लोगल्ली झालेत. तेव्हा मागच्या काचेवर ती अक्षरं मिरवणारी आमच्या आळीत ती एकच. टर्बो म्हणजे काय ते सांगते, हातात खडू नसला तरी सवय जात नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र गरगरा फिरतं आणि त्याच्यामुळे इंजिनात जास्तीची हवा कोंबली जाते. हवा जास्त, डिझेल जास्त, ताकद जास्त. पण चढण चढून आल्यावर ते चक्र भयंकर तापलेलं असतं. इंजिन तडकाफडकी बंद केलं तर त्याला मिळणारं तेल थांबतं आणि ते आतल्या आत करपतं. म्हणून गाडीबरोबरच्या पुस्तिकेत सूचना होती, की थांबल्यावर इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवावं.

मामंजींनी ती पुस्तिका पोथीसारखी पाळली. आमची आंब्याची बाग खाडीपलीकडच्या गावात, वर सड्यावर. संध्याकाळी ते बागेतून परत येत, घरापुढच्या खळ्यात गाडी लावत आणि इंजिन चालू ठेवून आतच बसून राहत. दोन्ही हात चाकावर, डोळे मिटलेले. सासूबाई दारात गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला घेऊन उभ्या. कधी मामंजी चटकन उतरत, कधी बसूनच राहत. सासूबाई हाक म्हणून मारत नसत. इंजिन थांबलं की पेला पुढे होई. हे रोज बघणारी मी मनातल्या मनात म्हणायची, काय हे, पाणी द्यायचं तर गाडीपाशी नेऊन द्यावं, नाहीतर आत जाऊन बसावं. मला तेव्हा सगळ्या गोष्टी सोप्या करून टाकायची घाई असे.

एका पहाटे मामंजी झोपेतच गेले. गाडी पाऊसभर ताडपत्रीखाली उभी राहिली. नवरा स्कूटरवाला, मोठी गाडी चालवायची म्हटली की त्याच्या तळहाताला घाम फुटायचा. मग बाग मी माझ्याकडे घेतली आणि बागेबरोबर गाडीही.

शाळा सुटली की मी निघायची. खाडीवरचा पूल ओलांडला की सड्याची चढण लागते, अंगावर येणारी. तिथे गाडी विचारात पडायची. पाय दाबावा तर क्षणभर काहीच नाही, आणि मग मागून कोणीतरी ढकलल्यासारखी एकदम पुढे. तो मधला क्षण मला सहन होईना. एकदा त्याच क्षणात पानाच्या टपरीवाल्याच्या जुन्या जीपने मला मागे टाकलं आणि वर हात हलवून दाखवला. झालं. विज्ञानाच्या बाईंचा अपमान. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी प्रयोगवह्यांत घालून मोटारींची मासिकं वाचायला लागले.

गॅरेजवाला आखातात बरीच वर्षं काढून परत आलेला. काळा चष्मा, अत्तराचा वास, आणि सुटे भाग बायकोच्या बॅगांतून कपड्यांत गुंडाळून आणलेले. त्याने टेबलावर फडकं पसरून सगळं मांडलं, जसा सराफ मांडतो.

“बाई, तुमची गाडी मरतुकडी नाय. तिला श्वास घेऊ देत नाय कोण.”

मी लगेच पाघळले. पहिल्यांदा हवेचा उघडा फिल्टर निवडला, लाल, शंकूसारखा. मग जाड सायलेन्सर. मग इंटरकूलर, म्हणजे टर्बोने तापवलेली हवा इंजिनात जायच्या आधी थंड करणारी जाळी. बंपरच्या आत ती बसवायला त्याने दोन ठिकाणी पत्रा कापला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मग पुढच्या काचेलगतच्या खांबाला टर्बोचा दाब दाखवणारा काटा, हिरव्या उजेडाचा. शेवटी त्याने एक चांदीसारखी चकचकीत झडप दाखवली. पायडलवरून पाय काढला की ती ‘हुश्श’ करून जादाची हवा सोडते म्हणाला. डिझेल गाडीला त्या झडपेचा काडीचा उपयोग नसतो, हे मला पुढे एका मासिकातून कळलं. पण हुश्श आवाज मला फार आवडला होता. भौतिकशास्त्राच्या पदवीधर बाईने एका उसाशासाठी झडप घेतली, हे नमूद करून ठेवते.

एकेक भाग बसत गेला तशी गाडी बदलत गेली, आणि ते बदलणं मला हवं तसंच नव्हतं. फिल्टर बसवल्यावर ती श्वास घ्यायला लागली; खरोखरीचा, आत ओढलेला, लांब. सायलेन्सर बसवल्यावर तिला छातीतून येणारा घुमा आवाज आला. चढणीवर टर्बोची शीळ ऐकू यायला लागली, आधी बारीक, मग चढत जाणारी, आणि पाय काढला की तो उसासा. काचेच्या कोपऱ्यात हिरवा काटा डोळ्यासारखा हलायचा. मी एकटी असायची गाडीत. पण आपण एकट्या आहोत असं वाटणं हळूहळू बंद झालं.

सडा म्हणजे नुसता काळा कातळ. झाड नाही, आडोसा नाही, खाली समुद्र. तिन्हीसांजेला तिथे आवाज कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. एकदा पुढून डोक्यावर भारा घेतलेली एक बाई येत होती. शीळ ऐकून ती थांबली, भारा टाकला, आणि माझ्याकडे पाठ करून कातळावर उकिडवी बसली, मी पुढे निघून जाईपर्यंत. नंतर बागेतल्या गड्याने सांगितलं, “तुमच्या गाडीला लोक वळून बघत नाय बाई. सांजेची शीळ कोण घालतो ते बघायचं नसतं.” मी हसले. घरी येऊन नवऱ्याला रंगवून सांगितलं. रात्री मात्र पाणी प्यायला उठताना त्याला उठवलं.

मग आली ती डबी. मामंजींसारखं गाडीत बसून राहायला मला वेळ कुठला? गॅरेजवाल्याकडे त्यावर तोड होती: टर्बो टायमर. छोटी काळी डबी, एक फिरवायचं बटन. किल्ली काढून घ्या, दार लावून जा. इंजिन आपलं आपण चालू राहतं आणि वेळ झाली की बंद होतं. बटन ‘ऑटो’वर ठेवलं तर गाडी जेवढी पिळली असेल तेवढी जास्त वेळ ती चालू राहणार. मी मनात म्हटलं, सुटले. मामंजींची जागा आपण एका डबीला दिली, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

ते ध्यानात आलं पहिल्या संध्याकाळी. खळ्यात गाडी लावली, किल्ली काढली. किल्ली माझ्या मुठीत आणि इंजिन चालूच. सगळं माहीत असूनही मी मूठ उघडून किल्ली आहे ना ते बघितलं. मी उतरले, दार लावलं, दोन पावलं गेले आणि थबकले. दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात पेला, पेल्यावर गुळाचा खडा ठेवलेली वाटी. त्यांची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे, चाकामागच्या रिकाम्या जागेवर होती.

मी म्हटलं, “आई, मला आणलंत पाणी?”

“थांब गो,” त्या हळूच म्हणाल्या. “अजून बसलेत.”

इंजिन एक हिसका देऊन थांबलं. सासूबाईंनी पेला पुढे केला, तसाच थोडा वेळ धरला, आणि मग पाणी तुळशीत ओतलं.

इथे त्यांच्या डोळ्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या डोळ्यांपायी. एक डोळा काचबिंदूने पूर्वीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू, तोही पिकत आलेला. त्यांना उजेड कळे, आकार कळे, माणूस आवाजावरून कळे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की दिवाळीच्या आत शस्त्रक्रिया करा. मोतीबिंदू फुटला तर हाही डोळा जाईल आणि मग आम्ही काही करू शकणार नाही. घरात सगळे तयार होते. तयार नव्हत्या त्या सासूबाई. त्यांच्या आयुष्यात कुठलीही मोठी गोष्ट मामंजींनी ‘हं’ म्हटल्याशिवाय झाली नव्हती. बांगड्या मोडायच्या असोत की मुलाचं लग्न. आता ‘हं’ कोण म्हणणार?

आपल्याकडे अशा वेळी कौल लावतात. मी त्यांना घेऊन बागेच्या गावातल्या देवळात गेले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, हे तुझं लेकरू डोळ्याचं मागणं घेऊन आलं हाय,” आणि बाकीच्यांनी “होय म्हाराजा” म्हटलं. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही बसलो. समयीचं तेल घालून झालं. वटवाघळं बाहेर पडली. एकही कळी हलली नाही. गुरव कपाळावरचा घाम पुसून म्हणाला, “आज देव गप हाय. परत कधीतरी या.”

मला वैताग आला होता, म्हणून परतताना सड्यावर मी गाडी चांगलीच पिटाळली आणि शीळ घालत घरी आणली. किल्ली काढली, दार उघडलं.

“तू जा पुढे,” त्या म्हणाल्या. “मी येत्ये.”

मी आत गेले, पाय धुतले, देवापाशी दिवा लावला. इंजिन अजून घुमत होतं. खिडकीतून बघितलं. अंधारून आलेलं, खळ्यात गाडीचा काळा ठोकळा, आत हिरवा उजेड. त्या उजेडात सासूबाई आपल्या नेहमीच्या डाव्या सीटवर बसल्या होत्या आणि चाकाकडे तोंड करून बोलत होत्या. आवाज नाही, नुसते ओठ. मध्येच थांबायच्या, मान हलवायच्या, जसं कोणी उत्तर देतंय. एकदा तर हसल्या. तोंडावर पदर घेऊन, नवी नवरी हसते तशा. मग इंजिन थांबलं. हिरवा उजेड विझला. काळोखात दार उघडल्याचा आवाज आला आणि त्यांचा शब्द, “गेले.”

त्या दिवसापासून हा रोजचा परिपाठ झाला. मी बागेतून आले की सासूबाई पदर सारखा करून गाडीत जाऊन बसायच्या. नवऱ्याने एकदा बघितलं आणि तो ओटीवरच खाली बसला.

“ती डबी काढून टाक,” तो म्हणाला. “उद्याच्या उद्या. आईच्या डोक्यावर परिणाम होतोय.”

“त्यांना बरं वाटतंय. दोन घास जास्त जेवायला लागल्यात.”

“आंधळी होऊन जेवेल मग. ऑपरेशनचं काय?”

“तेच तर त्या मामंजींना विचारतायत.”

“कोणाला?” नवऱ्याचा आवाज चिरकला. “अगो, तू विज्ञान शिकवतेस ना?”

शिकवत होते ना! म्हणूनच तर माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. सासूबाई गाडीत काय करतात ते मी गोडीगुलाबीने काढून घेतलं होतं. त्या मनात प्रश्न विचारायच्या आणि आपलं रोजचं स्तोत्र म्हणायला घ्यायच्या. “स्तोत्र संपेस्तोवर बसले, की न बसता गेले, त्यावरून मला कळतं,” इतकंच म्हणाल्या होत्या. म्हणजे देवळातला कौल त्यांनी आमच्या खळ्यात आणला होता. आणि कळी कुठल्या बाजूला पडणार हे माझ्या बटनाच्या हातात होतं! मामंजी बसले म्हणजे होकार, उठून गेले म्हणजे नकार. हे तर शेंबड्या पोरालाही कळेल, असं मला वाटलं. मी गॅरेज गाठलं.

गॅरेजवाल्याने ऐकून घेतलं, काळा चष्मा काढला. चष्म्याशिवायचे त्याचे डोळे मी पहिल्यांदा बघितले. अगदी घाबरट होते.

“बाई, मी फिल्टर बसवला, झडप बसवली. गेलेल्या माणसाच्या नावाने मी काय फिरवणार नाय. बटन तिथं हाय. तुमच्या हाताने फिरवा.”

“अहो, साधं यंत्र आहे ते.”

“मग फिरवा ना.”

फिरवलं. पार शेवटपर्यंत. त्या संध्याकाळी इंजिन स्तोत्र संपून, त्यावरची आरती संपून, वर मी तुळशीपाशी दिवा लावून येईपर्यंत चालू राहिलं. मी माजघरात उभी राहून स्वतःची पाठ थोपटत होते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाई गाडीतून उतरल्या त्या भिंतीला धरून. चेहरा उतरलेला.

“डॉक्टरांना नाही म्हणून कळव,” त्या म्हणाल्या.

“का?”

“नको म्हणतायत. रोज नको म्हणतायत.”

“अहो, बसून राहिलेत ना ते इतका वेळ!”

सासूबाईंनी माझ्याकडे अशी मान वळवली, की त्या डोळ्यांना दिसत असतं तर मी जळून गेले असते. “तू या घरात किती वर्षं आहेस गो? मनासारखं असलं की हे लगेच उतरायचे. मनाविरुद्ध असलं की गाडीतच बसून राहायचे. मला दारात ताटकळत ठेवायचे. तुझ्या कधी ध्यानात नाही आलं?”

नाही आलं. इतकी वर्षं डोळ्यासमोर रोज घडत होतं आणि मी त्याचं कारण टर्बोच्या तापमानात शोधत होते. त्यांच्या त्या दारातल्या उभं राहण्याची मी मनातल्या मनात थट्टा करत होते, आणि तो पेला म्हणजे काय होतं ते आज कळत होतं: तो पुढे व्हायचा तेव्हाच त्यांना कळायचं, आजची संध्याकाळ कशी जाणार.

आता उलट करायचं होतं, एवढंच. दिवाळी येऊन ठेपलेली. दुसऱ्या दिवशी शाळेतून सुटल्यावर मी स्वतः बटन शून्यावर आणलं. शून्यावर म्हणजे किल्ली काढली की इंजिन खलास. रस्त्यात दोनदा थांबून करून पाहिलं. दोन्ही वेळा गाडी त्याच क्षणी गप्प झाली. सड्यावरूनही अगदी बैलगाडीसारखी आणली, शीळ नाही की उसासा नाही. संध्याकाळ विचित्र होती. वारा पडलेला, कातळ तापलेला, समुद्र पितळेच्या पराती​सारखा. खळ्यात गाडी लावली. सासूबाई पदर सारखा करून शेजारी येऊन बसल्या.

मी किल्ली काढली.

इंजिन चालू राहिलं.

मी बटनाकडे बघितलं. शून्यावर. पुन्हा किल्ली घातली, फिरवली, काढली. चालूच. आवाजही रोजचा नव्हता. फार शांत, एकसारखा, जसं कोणी झोपेत श्वास घेतंय. दाबाच्या काट्याला उभ्या गाडीत हलायचं कारण नसतं. तो हलत होता, थोडा वर, थोडा खाली. मला उतरायचं होतं, पण चाकामागे मी बसले होते, मामंजींच्या जागेवर, आणि माझ्या पाठीला सीटचा कापडी भाग थंडगार लागत होता.

“तू उतर,” सासूबाई म्हणाल्या. “त्यांना बसू दे.”

मी उतरले. नुसती नाही, पडता पडता उतरले. ओटीवर नवरा उभा होता. त्याचा हात मी धरला की त्याने माझा, ते आठवत नाही. आत सासूबाईंनी स्तोत्र सुरू केलं. संपलं. इंजिन चालू. पुन्हा म्हटलं. इंजिन चालू. मग दार उघडलं. त्या खाली उतरल्या, चाचपडत बॉनेटला वळसा घालून चालकाच्या दारापाशी आल्या आणि उभ्या राहिल्या. माझ्या सासूबाईंचा चढलेला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आताही तो चढलेला नव्हताच. पण सगळ्या खळ्यात ऐकू आला.

“बसा,” त्या म्हणाल्या. “किती बसायचंय तेवढं बसा. आयुष्यभर तुम्ही आत बसलात आणि मी दारात उभी राहिले. आता मी उभी राहायची नाही. मला दिसायला हवंय. मी जात्ये डॉक्टरकडे.”

आणि पाठ फिरवून, कशाला न धरता, सरळ ओटीच्या पायऱ्या चढून आत गेल्या.

आमच्या दोघांच्या नजरा गाडीवर. इंजिन तसंच चाललं होतं, जरा वेळ. मग त्या बिनकामाच्या झडपेने एक उसासा सोडला, जो ती फक्त चढणीवर सोडायची, आणि गाडी थांबली.

गॅरेजवाल्याने दुसऱ्या दिवशी डबी उघडून दाखवली. आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा खटका, चिकटत असेल म्हणाला. पण तो चिकटलेला नव्हता. डिझेल इंजिन स्वतःचंच तेल ओढून घेऊन किल्लीविना चालू राहू शकतं, हे मला ठाऊक आहे. पण तसं झालं तर ते पिसाट सुटतं, झोपलेल्या माणसासारखा श्वास घेत नाही. मी वर्गात मुलांना सांगत असे, की प्रत्येक गोष्टीला कारण असतं. अजूनही सांगेन. त्या संध्याकाळचं कारण कोणाला सापडलं तर मलाही सांगा. मी डबी काढून टाकायला निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, “राहू दे. शस्त्रक्रिया होईपर्यंत तरी.”

शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अगोबाई, तू केस कधी पिकवलेस?” नवऱ्याला म्हणाल्या, “तुझं पोट रे!” आम्ही सगळे हसलो, डॉक्टरसुद्धा.

काही दिवसांनी काळा चष्मा लावून त्या खळ्यात आल्या. “मला सड्यावर ने आणि परत आण. बटन होतं तसं कर, ऑटो का काय ते. आणि जोरात चालव.”

“जोरात कशाला?”

“तापली नाही तर ती चालू राहत नाही ना.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“तुझा गॅरेजवाला पहिल्याच आठवड्यात डबी तपासायला घरी आला होता, तेव्हा त्याने मला सांगितलं, घाबरू नका म्हणून. मशीन कशाने चालू राहतं ते मला कळतं गो. आत कोण बसतं ते तुला कळत नव्हतं.”

मी गाडी अशी पिटाळली, की शीळ समुद्रापर्यंत गेली असेल. परत आलो तेव्हा उजेड पुरता गेला नव्हता. किल्ली काढली, उतरले, ओटीवर जाऊन उभी राहिले. इंजिन चाललं होतं. सासूबाईंनी चष्मा काढला. डाव्या सीटवरून त्या उजवीकडे वळल्या आणि नीट, सावकाश, न घाबरता चाकामागच्या जागेकडे बघत बसल्या. ओठ हलले नाहीत. इंजिन थांबलं तरी तशाच बसून होत्या.

शेवटी उतरल्या.

“कोणी नाही गो,” त्या म्हणाल्या.

“मग ते आधी…”

“आधी होते. दिसत नव्हतं तेव्हा होते.”

त्यांनी चष्मा पदराला पुसला, आत गेल्या आणि दिवाणखान्याचा दिवा लावला. थोड्या वेळाने आतून रोजचा, करडा आवाज आला, “आणि ही कोळिष्टकं कधीची? माझे डोळे गेले होते, तुमचेही गेले होते का?”